मागच्या सीटला पट्टा माफ असतो का?

ताई, नमस्कार.

आम्ही साताऱ्यात राहतो. गणपतीला दरवर्षी चिपळूणजवळच्या आमच्या गावी जातो. गाडी सात सीटची. मिस्टर चालवतात, शेजारी सासरे. मधल्या सीटवर मी, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. दोन वर्षांचा मुलगा कुणाच्या तरी मांडीवर असतो. मला पट्ट्याची काळजी वाटते, पण विषय काढला की घरात धुसफूस सुरू होते. सासरे हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. म्हणतात, "जन्मभर एसटीनं हिंडलो, तिथं कुठं होता पट्टा? आणि माझ्या पोराच्या चालवण्यावर तुझा भरवसा नाही का?" पोलीस दिसले की पट्टा छातीवरून ओढून नुसता हातात धरून बसतात. सासूबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांना पट्टा रुततो. शिवाय गाडी पेटली तर पट्ट्यात अडकून पडू, अशी त्यांना धास्ती आहे. बझर वाजू नये म्हणून मिस्टरांनी एक क्लिप आणून बकलमध्ये बसवली आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायलाच हवा का? यंदा कराडची नणंद आणि तिची दोन मुलं आमच्याच गाडीतून येणार म्हणतात. हे सगळं सुनेनं सांगायचं तरी कसं?

– एक सून, सातारा

(पत्र बरंच मोठं होतं, कापून छापलं आहे.)

नमस्कार सूनबाई,

मूळ पत्रात तुम्ही सासऱ्यांवर पानभर लिहिलं आहे, सासूबाईंवर अर्धं पान, आणि मिस्टरांवर एक ओळ. ती क्लिपची. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या घरात पट्ट्याचा प्रश्न सासऱ्यांपाशी अडलेला नाही. तो गाडी चालवणाऱ्यापाशी अडला आहे.

पट्टा लावला नाही तर वाजत राहणारा तो बझर कंपनीची हौस नव्हे. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये चालक आणि शेजारच्या सीटसाठी तो सक्तीचा आहे. त्याचं तोंड बंद करायला बाजारात या क्लिपा आल्या आणि तडाखेबंद खपल्या. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा तेरा हजारांहून जास्त जाहिराती संकेतस्थळांवरून उतरवायला लावल्या. म्हणजे मिस्टरांनी जी वस्तू आणली आहे, ती विकू नका असं सरकारला सांगावं लागलं होतं. ती काढा आणि कचऱ्यात टाका. ड्रॉवरमध्ये ठेवू नका, पुन्हा गाडीत जाऊन बसेल.

"एअरबॅग आहेत की," असं मिस्टर म्हणतील. नक्की म्हणतील. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि ती बसवताना गृहीत धरलेलं असतं की माणूस पट्ट्यानं सीटला धरलेला आहे. पट्टा नसलेला माणूस पुढे फेकला जातो आणि पिशवी अजून फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. वाचवायला आलेली गोष्टच मग इजा करते.

तेव्हा पहिलं बोलणं मिस्टरांशी, एकट्यात, आई-वडील समोर नसताना. गाडीत तर मुळीच नाही. त्यांना कायद्याची एक गोष्ट सांगा, जी बहुतेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे पट्टा न लावलेले प्रवासी घेऊन जाणाराही दंडाला पात्र असतो, दंड एक हजार रुपये. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा लहान मुलांच्या सीटविना नेलं तर त्यासाठी वेगळे एक हजार. आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम तसं सांगतो. पोलीस मागच्यांना फारसं विचारत नाहीत हे खरं, पण म्हणून माफी मिळाली असं होत नाही.

यातून घरासाठी एक सोय होते. गाडी ज्याची, नियम त्याचा. "सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय पहिला गिअर पडणार नाही" हे वाक्य मुलानं बापाला सांगायचं आहे, सुनेनं सासऱ्याला नाही. तेही भाषण न करता. इंजिन चालू करायचं, "बाबा, पट्टा" म्हणायचं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचं. पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं जातील, थोडं पुटपुटणं ऐकून घ्यावं लागेल. मुहूर्त टळत नाही.

आता सासरे. विज्ञानाच्या मास्तरांना "मला भीती वाटते हो" असं सांगून उपयोग नसतो, त्यांच्यापुढे गणित ठेवा. जडत्वाचा नियम त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवला असेल. त्यांना विचारा, ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी जागच्या जागी थांबली तर आतल्या माणसाचा वेग किती उंचीवरून पडल्याइतका असतो? कागद-पेन्सिल द्या आणि स्वयंपाकघरात निघून जा. सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, त्याचा वर्ग, भागिले दोन गुणिले ९.८. उत्तर चौदा मीटरच्या आसपास येतं, म्हणजे चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली. गल्लीतला वाटणारा ४० चा वेगसुद्धा सहा मीटरपेक्षा जास्त, दोन मजले. हायवेवरचा १०० चा वेग घातला तर तेरा मजले होतात, पण तो आकडा त्यांचा त्यांना काढू दे. स्वतः काढलेल्या उत्तराशी मास्तर भांडत नाहीत.

पट्टा हातात धरून बसण्याबद्दलही हेच. पट्टा ज्या चक्रीवर गुंडाळलेला असतो, ती संथ ओढलं की सोडते आणि हिसका बसला की अडकते. अंगणात गाडी उभी असताना त्यांना करून बघायला सांगा. हळू ओढा, येतो. झटक्यानं ओढा, जागीच थांबतो. त्यांना तो "मध्येच अडकतो" असं वाटत असेल तर तो बिघाड नव्हे, त्याचं कामच ते आहे. पण चक्री अडकून उपयोग तेव्हाच, जेव्हा दुसरं टोक बकलमध्ये असतं. मुठीतल्या टोकाचा काय उपयोग? तेरा-चौदा मीटरवरून पडणारा माणूस मुठीनं कुणी धरून ठेवलाय का?

विषय रंगलाच तर निल्स बोलिनची गोष्ट सांगा. हा स्वीडनचा अभियंता आधी साब कंपनीत लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचा. व्होल्वोत आल्यावर त्यानं खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी धरलेला पट्टा आखला आणि १९५९ मध्ये तो गाड्यांत आला. कंपनीनं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. मला ही गोष्ट आवडते. बढाई मारण्यासारखं काम केलेल्या कंपन्यांची उदाहरणं तशी कमीच सापडतात.

राहिला भरवशाचा मुद्दा. हा खरा नाजूक आहे, कारण सासऱ्यांना पट्ट्यात लेकाचा अपमान दिसतो. त्यावर वाद घालू नका, "ह्यांच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे" असं आधी कबूल करून टाका. मग विचारा, समोरून वळणावर ओव्हरटेक करत येणाऱ्या डंपरवाल्यावर आपला भरवसा आहे का? कुंभार्ली घाटात भाद्रपदातल्या धुक्यात रस्त्यावर बसलेल्या म्हशीवर? पाटणच्या पुढे भर पावसात दिवा नसलेल्या मोटारसायकलवर? लेक उत्तम चालवत असेल, रस्ता त्याच्या एकट्याचा नाही.

एसटीचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न रास्त आहे. एसटी कित्येक टनांची, उंच, आणि आपल्या कारपेक्षा कितीतरी जड. कारवर कार आदळते तेव्हा कारला जो धक्का बसतो, तेवढा एसटीला बसत नाही. तरीही एसटीतले प्रवासी पुढच्या दांड्यावर आदळून दात पाडून घेतात, हे कुठल्याही तालुक्याच्या डॉक्टरला विचारा. एसटीत पट्टा नव्हता म्हणून कारमध्ये नको, हा निष्कर्ष त्यांनी विद्यार्थ्याच्या पेपरात चालवून घेतला नसता.

आता मागची सीट. आपल्याकडे मागे बसणं हा मान असतो. साहेब मागे, पाहुणे मागे, नवरा-नवरी मागे. आणि मानाच्या माणसाला पट्टा कोण सांगणार? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागातली, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. त्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या आधी ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले असताना चौकात दुसरी गाडी बाजूनं येऊन धडकली. तेही मागच्या सीटवर होते. बाजूनं बसलेल्या धक्क्यात पट्टा किती वाचवतो यावर वाद होऊ शकतो, पण डॉक्टर असलेले तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की, मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला. तो हायवे नव्हता, सकाळच्या वेळचा शहरातला रस्ता होता.

सरकारी आकडा ऐकायचा तर २०२२ मध्ये देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसं गेली. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ नुसते बसलेले. जवळपास निम्मे!

आणि मागच्यानं पट्टा लावला नाही तर तो एकटाच मरतो असंही नाही. गणपतीला जाताना डिकीत सुटे नारळ टाकले की घाटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मागचा मोकळा माणूस त्या नारळासारखा पुढे येतो, फक्त त्याचं वजन साठ-सत्तर किलो असतं. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा अभ्यास छापून आला होता. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसलं. सासऱ्यांच्या बरोबर मागे तुम्ही किंवा सासूबाई बसता. एवढं सांगितलंत तर "माझं मी बघतो" हे वाक्य त्यांना पुन्हा म्हणता येणार नाही.

हे सगळं करण्याआधी एक काम आजच करा. मागच्या सीटचे बकल शोधा. हसू नका. गाडी घेतली की आपण पहिलं काय करतो? लेदरचे सीटकव्हर घालतो. दुकानातला पोरगा कव्हर ताणून बसवतो आणि मागचे बकल त्याच्याखाली गडप होतात. कितीतरी गाड्यांत ते वर्षानुवर्षं उजेडात आलेले नसतात. सीटची पाठ आणि बसायची गादी यांच्या फटीत हात घाला. शेंगदाण्याची टरफलं, चॉकलेटचे कागद, हरवलेलं कानातलं, मुलीचा खोडरबर, आणि त्याच्याही खाली बकल. कव्हरला भोक पाडून तो वर काढून घ्या, कव्हरवाला पाच मिनिटांत करून देतो. आत धूळ भरली असेल तर ब्रशनं साफ करा आणि प्रत्येक पट्टा "खट्" आवाज येईपर्यंत लावून बघा. गाडी जुनी घेतलेली असेल आणि तिचा आधी मोठा अपघात झालेला असेल, तर पट्टे बदलून घ्या; एकदा जोराचा ताण बसलेला पट्टा पुन्हा तेवढा धरत नाही.

सासूबाईंना पट्टा रुततो, कारण तो बहुधा चुकीच्या जागी बसतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली हवा, कमरेच्या हाडांवर. साडीत निऱ्या खोचलेल्या जागी जाड गोळा होतो, पट्टा त्याच्यावर चढतो आणि मग आवळतो. बसल्यावर पदर आधी सोडवून घ्यायचा, पट्टा निऱ्यांच्या गोळ्याच्या खालून मांड्यांच्या मुळाशी घ्यायचा, आणि वरचा भाग ओढून सैलपणा काढायचा. खांद्याचा पट्टा मानेला घासतो म्हणून पुष्कळ बायका तो काखेखालून घेतात, ते करू नका. धक्क्यात फासळ्या त्याच्यावरच मोडतात. खांद्याच्या मधून आणि छातीच्या मधून, एवढंच. पट्ट्याखाली उशी घालायची नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, म्हणजे त्यांची शंका फिटेल. सुनेपेक्षा डॉक्टरांचं सासूबाई लवकर ऐकतील, यात तुम्ही कमीपणा मानू नका.

आगीची भीती मात्र मी समजू शकते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. ती चित्रं टीव्हीवर बघितलेल्या कुणालाही आगीची धास्ती वाटेल. पण त्यातून जे वाचले, ते काच फोडून बाहेर आले. काच फोडायला शुद्ध लागते, हात धड लागतात. पट्टा नसलेला माणूस पहिल्या धक्क्यातच डोकं आपटून घेतो, मग दार उघडं असूनही त्याला बाहेर पडता येत नाही. शिवाय कारच्या अपघातांपैकी फारच थोड्यांत गाडी पेटते. सासूबाईंची भीती घालवायला एकच गोष्ट करा. डोळे मिटून लाल बटण दाबून पट्टा सोडायची सवय त्यांना करू द्या. अंगठा कुठं जातो हे हाताला कळलं की अडकून पडायची भीती आपोआप कमी होते.

आता मुलं, आणि इथं मी मऊ बोलणार नाही. दोन वर्षांचं मूल मांडीवर घेऊन गाडीत बसू नका. बारा किलोचं मूल धरा. ४० चा वेग एक-दशांश सेकंदात शून्यावर आला तर ते बाळ तुमच्या हातातून सव्वाशे-दीडशे किलोच्या जोरानं सुटतं. आईची माया कितीही असो, तेवढं वजन हातात राहत नाही. स्वतःच्या पट्ट्यात त्याला घेऊन बसलात तर आणखी वाईट, कारण मग तुमच्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. मुलांची सीट घ्या, मागच्या सीटवर पक्की बसवा, आणि ती सीट जोपर्यंत परवानगी देते तोपर्यंत तोंड मागे करून ठेवा. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर तर कधीच नको. स्वस्त नाही, मान्य आहे. पण गाडीच्या म्युझिक सिस्टीमवर आणि त्या लेदर कव्हरवर जे गेले, त्यातच ती बसली असती. मुलीला बूस्टर म्हणजे उंच बैठक लागेल, नाहीतर मोठ्यांचा पट्टा तिच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. मुलगा पहिल्यांदा रडेल. सीट काही दिवस आधी आणून घरातच टीव्हीसमोर ठेवा, त्यात बसून खाऊ खाऊ दे. थेट निघायच्या दिवशी बांधलंत तर चिपळूणपर्यंत ऐकावं लागेल.

आणखी एक. अशा वेळी "नातीला सांगायला लावा, आजोबा लगेच ऐकतात" असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. सहा वर्षांच्या पोरीला घरातल्या भांडणाची निरोप्या करू नका. तिनं तिचा पट्टा तिचा लावायचा. आजोबांचं काम तिच्या बापाचं.

शेवटी नणंद. तुम्ही सहा, ती आणि तिची दोन मुलं मिळून नऊ. गाडीत पट्टे सात. दोन मुलांना एका पट्ट्यात बांधता येत नाही, आणि शेवटच्या सीटवर पिशव्यांच्या ढिगात बसलेल्या मुलांचं काय होईल ते मी वर लिहिलंच आहे. तेव्हा नाही म्हणायचं, पण नुसतं नाही म्हणायचं नाही. कराडहून पाटण-कोयनानगरमार्गे चिपळूणला एसटी जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धं. गणपतीत गर्दी असते, म्हणून आरक्षण तुम्हीच आत्ता काढून द्या, त्यांचं सामान तुमच्या गाडीत घ्या, आणि स्टँडवर त्यांना न्यायला भावाला पाठवा. हेही फोनवर मिस्टरांनीच सांगायचं, बहीण त्यांची आहे. राग येईल थोडा, पण गौरी जेवायच्या आत जाईल.